कर्मवीर अण्णा

सातारा शहरात धनिणीची बाग नावाची एक जागा आहे. आज आपण ज्यांची गोष्ट वाचणार आहोत, त्यांचे बोर्डिंग या बागेत होते. बोर्डिंग म्हणजे वसतिगृह. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली मुले तिथे राहत.

त्या काळच्या बोर्डिंगमध्ये पहाटे डोकावले असते, तर काय दिसले असते? कोणी मुलगा विहिरीचे पाणी शेंदत आहे. कोणी अंगण झाडत आहे. कोणी चुलीपुढे बसून भाकरी भाजत आहे. भाकरी भाजणारा महार, पाणी आणणारा मराठा, भाजी चिरणारा मुसलमान आणि ताटे मांडणारा जैन. थोड्या वेळाने सगळे एकाच पंगतीत बसून जेवत आणि मग शाळेला जात. आज तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. परंतु त्या वेळी गावात या मुलांचे पाणवठे वेगळे होते. एकाने दुसऱ्याच्या हातचे पाणी प्यायले, तर घरात भांडण होत असे. अशा काळात ही मुले एका चुलीवरचे अन्न खात होती.

या मुलांमध्ये खादीचे जाडेभरडे कपडे घातलेला, मोठ्या दाढीचा एक उंच माणूस वावरत असे. मुले त्यांना अण्णा म्हणत. त्यांचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज या गावी झाला. त्यांचे घराणे जैन शेतकऱ्यांचे. वडील सरकारच्या महसूल खात्यात कारकून होते. त्यांची बदली होई, त्याप्रमाणे भाऊरावांची शाळाही बदलत असे. लहानपणी भाऊरावांचे लक्ष पुस्तकांपेक्षा कुस्तीकडे आणि पोहण्याकडे अधिक होते. शरीर धिप्पाड, आवाज मोठा आणि स्वभाव तापट. अन्याय दिसला की हा मुलगा गप्प बसत नसे. एका विहिरीवर अस्पृश्य मानलेल्या लोकांना पाणी भरू देत नव्हते, तेव्हा भाऊरावांनी रागाने त्या विहिरीचा रहाट मोडून टाकला, अशी आठवण लोक सांगतात.

प्राथमिक शिक्षण झाल्यावर वडिलांनी त्यांना कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात घातले. राहण्याची सोय जैन बोर्डिंगमध्ये झाली. त्या वेळी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांचे राज्य होते. मागे पडलेल्या जातींच्या मुलांनी शिकावे म्हणून महाराजांनी निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढली होती. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या उद्घाटनाला भाऊराव मुद्दाम गेले. परत आल्यावर बोर्डिंगच्या व्यवस्थापकांनी त्यांना आंघोळ करून मगच आत येण्यास सांगितले. अस्पृश्यांच्या कार्यक्रमाला गेल्यामुळे विटाळ झाला, असे त्यांचे म्हणणे. भाऊरावांनी आंघोळ करण्यास साफ नकार दिला. त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाने त्यांची राहण्याची सोय झाली आणि महाराजांचे काम त्यांना जवळून पाहता आले.

अभ्यासात मात्र त्यांची प्रगती झाली नाही. इंग्रजी सहावीच्या परीक्षेत ते नापास झाले आणि त्यांचे शिक्षण तिथेच थांबले. पुढे ज्या माणसाने हजारो मुलांना पदवीपर्यंत पोहोचवले, तो स्वतः मॅट्रिकही झाला नव्हता.

शाळा सुटल्यावर भाऊराव साताऱ्याला आले आणि मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले. त्यांना लोक पाटील मास्तर म्हणू लागले. याच सुमारास, १९१४ साली, त्यांच्यावर एक मोठे संकट आले. कोल्हापुरात एका पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. त्या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. हे लठ्ठे ज्या जैन बोर्डिंगच्या कारभारात होते, तेथूनच भाऊरावांना बाहेर पडावे लागले होते. दुसऱ्या एखाद्याने जुना राग काढला असता. परंतु भाऊराव खोटी साक्ष द्यायला तयार झाले नाहीत. त्यासाठी त्यांनी तुरुंगवास आणि छळ सोसला. मला वाटते, भाऊरावांचा स्वभाव समजून घ्यायला ही एकच गोष्ट पुरेशी आहे.

सुटून आल्यावर पोटासाठी त्यांनी निरनिराळी कामे केली. ओगल्यांच्या काचकारखान्यात कंदील तयार होत. ते कंदील विकण्यासाठी भाऊराव गावोगाव फिरले. नंतर त्यांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. बोलण्यात ते पटाईत होते. लाकडी नांगरापेक्षा लोखंडी नांगर कसा खोल जातो, हे ते शेतात उतरून दाखवत. विक्री चांगली होई आणि पैसाही मिळे. त्यांनी हाच धंदा पुढे चालवला असता, तर ते सुखाने राहिले असते.

परंतु या फिरतीत त्यांनी दुसरेही काही पाहिले. ज्या शेतकऱ्याला ते नांगर विकत, त्याला पावतीवर सही करता येत नसे. तो अंगठा उठवी. सावकाराच्या कागदावरही तो असाच अंगठा उठवी आणि त्या कागदावर काय लिहिले आहे, हे त्याला कळत नसे. गावात शाळा नाही. जिथे आहे, तिथे चौथीपर्यंतच. पुढे शिकायचे तर शहरात जावे लागे आणि शहरात राहायला जागा नाही, जेवायला पैसे नाहीत. हुशार मुलगासुद्धा चौथीनंतर गुरांमागे जाई. अस्पृश्य मुलांची स्थिती याहून वाईट होती. इस्लामपूरच्या शाळेत ज्ञानदेव घोलप नावाचा एक मुलगा वर्गाबाहेर बसून शिकताना भाऊरावांना दिसला. त्यांनी त्याला आपल्यासोबत आणले, आपल्या घरी ठेवले आणि मग कोल्हापूरच्या मिस क्लार्क वसतिगृहात दाखल केले. वर्गाबाहेर बसणारा तोच मुलगा पुढे मुंबईच्या कायदेमंडळाचा सभासद झाला.

महात्मा फुले यांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या विचारांचा भाऊरावांवर मोठा प्रभाव होता. शिक्षण नाही म्हणून शेतकरी गरीब राहिला, असे महात्मा फुले यांनी सांगितले होते. भाऊराव तेच रोज डोळ्यांनी पाहत होते. शेवटी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी एक संस्था स्थापन केली. तिचे नाव रयत शिक्षण संस्था. रयत हा शब्द तुम्हाला परका नाही. उर्दूतही तो आहे. रयत म्हणजे प्रजा, साधी माणसे, शेतात राबणारे लोक. त्यांच्या मुलांसाठी ही संस्था होती. वडाचे झाड हे तिचे बोधचिन्ह झाले.

संस्था काढली, पण जवळ पैसा नव्हता. १९२४ साली भाऊरावांनी साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. मुले थोडीच होती. ती वेगवेगळ्या जातींची होती आणि सगळी एकत्र राहणार होती. हे पाहून गावात कुजबूज सुरू झाली. काही लोकांनी आपली मुले पाठवली नाहीत. भाऊराव मात्र खेड्याखेड्यात जाऊन मुले शोधत. हुशार पण गरीब मुलगा दिसला, की त्याच्या आईवडिलांना समजावून त्याला साताऱ्याला घेऊन येत. ज्याला शक्य असेल, त्याने थोडे पैसे द्यावेत. ज्याला शक्य नसेल, त्याने धान्य द्यावे. ज्याच्या घरी धान्यही नसेल, त्याचा मुलगा तसाच येई.

या मुलांना जेवू घालायचे कसे? भाऊराव खांद्यावर घोंगडी टाकून गावोगाव फिरत. सुगीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या खळ्यावर जात. कोणी ज्वारी देई, कोणी बाजरी, कोणी डाळ. मूठ-मूठ धान्य जमा होई. गाडी भरली की ती साताऱ्याला येई.

बोर्डिंगचे घर मात्र एका बाईने सांभाळले. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्या खाऊनपिऊन सुखी घरातल्या होत्या. लग्नात त्यांच्या अंगावर भरपूर सोने घातलेले होते. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरात त्या वाढल्या होत्या. त्यामुळे सुरुवातीला सगळ्या जातींची मुले घरात वावरू लागली, तेव्हा त्यांना ते जड गेले. हे अगदी साहजिक होते. लहानपणापासून मनात बसलेली गोष्ट एका दिवसात जात नाही. परंतु आईपासून दूर आलेली ही लहान मुले रात्री घराची आठवण येऊन रडत. कोणाला ताप येई. कोणाच्या डोक्यात उवा होत. लक्ष्मीबाई त्यांना न्हाऊ घालू लागल्या, त्यांच्या उशाशी बसू लागल्या. हळूहळू सोवळे सुटले आणि ती मुले त्यांचीच झाली. मुले त्यांना वहिनी म्हणत.

धान्य संपले, की एकेक दागिना बाहेर पडे. आधी बांगड्या गेल्या, मग गळ्यातले दागिने गेले. भाऊराव नेहमी फिरतीवर असत. घरात काय आहे आणि काय नाही, हे लक्ष्मीबाईंनाच पाहावे लागे. एकदा असेच झाले. सणाचे दिवस जवळ आले होते आणि भाऊराव बाहेरगावी गेले होते. कोठीत दाणा उरला नव्हता. उधार देणारा दुकानदारही आता उधार देईना. मुले भुकेली होती. विकण्यासारखा एकही दागिना शिल्लक नव्हता. फक्त गळ्यात मंगळसूत्र होते. हिंदू आणि जैन स्त्रिया नवरा जिवंत असेपर्यंत मंगळसूत्र गळ्यातून काढत नाहीत. ते काढणे अशुभ मानतात. लक्ष्मीबाईंनी ते काढून दिले. त्यातून धान्य आले आणि मुले जेवली.

भाऊराव परत आले, तेव्हा त्यांना पत्नीचा मोकळा गळा दिसला. त्यांना काय वाटले असेल, याची तुम्ही कल्पना करा.

लक्ष्मीबाई फार वर्षे जगल्या नाहीत. १९३० साली त्यांचे निधन झाले. भाऊरावांचे वय तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. बोर्डिंगची मुले हाच त्यांचा संसार राहिला. भाऊरावांचे नाव सगळीकडे घेतले जाते. परंतु ज्या घासांवर हे काम उभे राहिले, त्यांतले कितीतरी घास लक्ष्मीबाईंच्या सोन्याचे होते.

त्याआधी फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्याला आले होते. त्यांच्या हस्ते या बोर्डिंगला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. सगळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहतात, एकत्र स्वयंपाक करतात आणि एकत्र जेवतात, हे पाहून गांधीजींना फार समाधान वाटले. भाऊरावांनी खादी वापरायचे व्रत आधीच घेतले होते. ते त्यांनी शेवटपर्यंत पाळले.

१९३२ साली पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस सुरू झाले. १९३५ साली साताऱ्यात शिक्षक तयार करण्यासाठी ट्रेनिंग कॉलेज निघाले. भाऊरावांचा हिशेब सरळ होता. खेड्यात शाळा हवी, तर खेड्यात राहायला तयार असणारा शिक्षक हवा. शहरात वाढलेला मास्तर खेड्यात रमत नाही. तेव्हा खेड्यातलाच मुलगा शिकवून तयार करावा आणि त्याला पुन्हा खेड्यात पाठवावे. असे तरुण शिक्षक डोंगराळ भागातल्या लहान लहान वाड्यांत गेले. शाळेला इमारत नसे. कुठे देवळात, कुठे चावडीत, कुठे झाडाखाली वर्ग भरे. एक शिक्षक, एक फळा आणि वीस-तीस मुले. या शाळांना व्हॉलंटरी शाळा म्हणत. त्यांची संख्या वाढत वाढत पाचशेच्या वर गेली.

भाऊरावांना फुकट मिळालेले शिक्षण आवडत नव्हते. गरीब मुलाने कोणापुढे हात पसरू नये, त्याने आपल्या शिक्षणाचा खर्च आपल्या मेहनतीने भागवावा, असे त्यांचे मत होते. यातूनच कमवा आणि शिका ही त्यांची योजना पुढे आली. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. तिथली मुले दिवसाचा काही वेळ वर्गात शिकत आणि काही वेळ शेतावर काम करत. भोवतालची जमीन खडकाळ माळाची होती. मुलांनी दगड फोडले, बांध घातले, माती आणून टाकली. मग तिथे पीक आले. या कामाच्या बदल्यात मुलांना राहणे, जेवण आणि शिक्षण मिळे. हातात कुदळ घेतल्याने विद्यार्थ्याची इज्जत कमी होत नाही, हे शिकवायला भाऊरावांना भाषण करावे लागले नाही. ते स्वतः मुलांबरोबर कामाला उभे राहत.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. त्याच वर्षी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. शेतकऱ्याचा मुलगा आता गाव न सोडता, कर्ज न काढता पदवीधर होऊ शकत होता. एका श्रीमंत माणसाने कॉलेजला आपले नाव दिल्यास मोठी देणगी देऊ केली होती, असे सांगतात. कॉलेजला पैशांची फार गरज होती. तरीही भाऊरावांनी शिवाजी महाराजांचे नाव बदलले नाही.

परंतु पुढच्याच वर्षी संस्थेची खरी कसोटी लागली. १९४८ साली मतभेदांमुळे मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. शेकडो शिक्षकांच्या पगाराचा प्रश्न उभा राहिला. भाऊरावांचा स्वभाव स्पष्ट बोलण्याचा होता. त्यामुळे ते काही वेळा माणसे दुखावत, हे खरे आहे. पण शाळा बंद करण्याचा विचार त्यांनी केला नाही. ते पुन्हा गावोगाव निघाले. ज्या शेतकऱ्यांची मुले संस्थेत शिकली होती, त्यांनी जमेल तेवढे दिले. कोणी पैसे दिले, कोणी धान्याची पोती आणून टाकली. संत गाडगे महाराज भाऊरावांचे काम चांगले जाणत होते. त्यांनीही सरकारकडे शब्द टाकला. शेवटी अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कराडला संस्थेचे कॉलेज निघाले, तेव्हा त्याला गाडगे महाराजांचेच नाव देण्यात आले.

दुसऱ्या वर्षी, १९५५ साली, साताऱ्यात शिक्षकांसाठी आणखी एक कॉलेज सुरू झाले. त्याचे नाव आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन. हे नाव मौलाना अबुल कलाम आझाद यांचे आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच. ते त्या वेळी भारताचे शिक्षणमंत्री होते. भाऊरावांनी आपल्या संस्थांना कोणाकोणाची नावे दिली, ते पाहण्यासारखे आहे. शाहू महाराज, सयाजीराव महाराज, शिवाजी महाराज, गाडगे महाराज आणि मौलाना आझाद. स्वतःचे नाव त्यांत नव्हते.

भाऊरावांनी वाढवलेली मुले आता मोठी झाली होती. पी. जी. पाटील हे बोर्डिंगचे विद्यार्थी. ते विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले. तिथून परत आल्यावर भरपूर पैसा मिळवणे त्यांना सहज शक्य होते. परंतु त्यांनी रयत शिक्षण संस्थेत काम केले आणि पुढे ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. इस्माईलसाहेब मुल्ला यांनी संस्थेचे सचिव म्हणून काम केले. साताऱ्यातील कायद्याच्या कॉलेजला आज त्यांचेच नाव आहे. असे कितीतरी विद्यार्थी शिक्षक, मुख्याध्यापक आणि प्राचार्य झाले.

भाऊरावांना लोक कर्मवीर म्हणू लागले होते. ही पदवी कोणत्याही विद्यापीठाची नव्हती. ती लोकांनी दिली होती. सरकारचे आणि विद्यापीठाचे सन्मान मात्र फार उशिरा आले. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही मानाची पदवी दिली. सहावीत नापास झालेला मुलगा बाहत्तराव्या वर्षी डॉक्टर भाऊराव पाटील झाला. परंतु तोपर्यंत शरीर थकले होते. चाळीस वर्षे ऊन-पाऊस न बघता केलेली पायपीट, वेळी-अवेळी जेवण आणि सततची काळजी यांचा परिणाम झाला होता.

९ मे १९५९ रोजी पुण्यात भाऊरावांचे निधन झाले. त्या वेळी संस्थेची शंभराच्या आसपास हायस्कुले होती, कित्येक वसतिगृहे होती आणि तीन कॉलेजे होती. त्यांच्या स्वतःच्या नावावर सांगण्यासारखे काही नव्हते.

त्यांची समाधी साताऱ्यात आहे. ज्या बोर्डिंगमध्ये एका चुलीवर सगळ्यांचा स्वयंपाक होत असे, त्याच आवारात. दरवर्षी २२ सप्टेंबरला संस्थेच्या शाळांतली मुले त्यांची जयंती साजरी करतात. त्या मुलांपैकी पुष्कळ जणांच्या घरात आजोबांनी पहिले अक्षर अण्णांच्या शाळेतच गिरवलेले असते.